धरल्यानंतरची चार पावलं

मैदान मुरमाचं होतं. आदल्या दिवशी टँकरनं पाणी मारलेलं, खडे वेचून वर काळी माती पसरून दाबलेली, आणि रेषा फक्कीच्या. लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या बाजूच्या माळावर दिवाळीच्या तोंडावर कबड्डीचे सामने असे होतात. चार खांबांवर चार हॅलोजन, माईकवर एकजण, आणि बाकी सगळं गाव रेषेला खेटून बसलेलं. मी गुणलेखकाच्या टेबलाशी होतो, मध्यरेषेपासून दहा फुटांवर. त्यामुळे जे पाहिलं ते अगदी जवळून पाहिलं.

चढाईला गेलेला पोरगा आमच्याच शाळेतून बाहेर पडलेला, तांड्यावरचा, एकोणीस वर्षांचा. त्यानं उजव्या कोपऱ्याला हात लावला आणि तो वळला. वळता वळता शेजारच्या गड्यानं त्याचा चवडा धरला. मधल्यानं कमरेला मिठी मारली, तिसरा धावत येऊन खांद्यावर पडला. मध्यरेषा अजून चार पावलं लांब. आपण अशा वेळी पुढं ओढ घेतो, अंग झोकून देतो. त्यानं तसं केलं नाही. तो आधी खाली गेला. गुडघे वाकवून कंबर इतकी खाली नेली की कमरेला धरणाऱ्याचे हात सरकून छातीपाशी आले. मग मोकळ्या पायाची टाच मातीत रोवली आणि एक पाऊल टाकलं. पुन्हा खाली, पुन्हा पाऊल. दम चालूच होता, फक्त ‘कबड्डी’ आता घशातून न येता पोटातून येत होतं. चौथ्या पावलाला तो तिघांसकट पडला आणि पडताना त्यानं हात लांबवला. बोटं रेषेपलीकडच्या मातीत रुतली. पंचांनी चार बोटं वर केली. एक गुण हात लावल्याचा, तीन धरल्याचे.

कबड्डी बघताना आपली नजर हात लागतो की नाही यावर असते. चपळाईनं हात लावून परत येणारा गडी डोळ्यांना सुखावतोही. पण वर्षानुवर्षं खेळत राहिलेल्या चढाईपटूंकडे पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांची कारकीर्द उभी राहते ती धरल्यानंतरच्या त्या चार पावलांवर. आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, ज्या देशात कबड्डीचं नावही फारसं ठाऊक नाही तिथं, हेच काम करून पोट भरणारा एक खेळाडू आहे. अमेरिकन फुटबॉलमधला रनिंग बॅक.

हा फुटबॉल आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, शिरस्त्राण आणि खांद्यावर जाड गाद्या घातलेले अकरा विरुद्ध अकरा गडी, आणि शंभर यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटरचं मैदान. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्न मिळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलं तर आणखी चार मिळतात, नाही सरकलं तर चेंडू बहुतेक वेळा दुसऱ्यांकडे जातो. चेंडू लांब फेकून झेलायचा हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा की मागं उभ्या असलेल्या एका गड्याच्या पोटाशी चेंडू द्यायचा आणि त्यानं समोरच्या माणसांच्या भिंतीतून घुसायचं. तो गडी म्हणजे रनिंग बॅक. त्याच्यासाठी फट पाडायला त्याच्याच संघातले सव्वाशे-दीडशे किलोंचे पाच जण पुढं उभे असतात. समोर तितकेच धिप्पाड लोक ती फट बुजवायला टपलेले असतात. फट उघडी राहते ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत. पुढं गेला तरी तो पाडला जाणारच, प्रश्न फक्त कुठं पाडला जाणार एवढाच. म्हणून तिकडच्या आकडेमोड करणाऱ्यांनी एक वेगळा हिशेबच ठेवला आहे. पहिला विरोधी गडी अंगाला भिडल्यावर धावणारा किती पुढं गेला, तेवढंच अंतर मोजायचं.

या कामात सर्वांत जास्त काळ टिकलेल्यांपैकी एक म्हणजे फ्रँक गोर. मायामीचा मुलगा, उंची पाच फूट नऊ इंच, वजन ९६ किलोंच्या आसपास. तिकडच्या मानानं बुटकाच. कॉलेजात असतानाच २००२ साली उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्यातून बरा होऊन मैदानात आला, तर २००३ साली डाव्या गुडघ्याचा तुटला. अशा मुलाला कोण घेणार? व्यावसायिक संघांच्या २००५ च्या निवडीत त्याचा नंबर लागला ६५ वा, आणि त्याच्या आधी पाच रनिंग बॅक उचलले गेले होते. या जागेवरच्या बहुतेकांचा खेळ तीन-चार वर्षांत आटोपतो. गोर सोळा हंगाम खेळला, २०२० पर्यंत, वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत. २४१ सामने, ३,७३५ वेळा चेंडू घेऊन भिंतीत घुसणं, आणि एकूण अंतर बरोबर १६,००० यार्ड. एनएफएल या तिकडच्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात त्याच्यापुढं दोघेच आहेत, एमिट स्मिथ आणि वॉल्टर पेटन.

या आकड्यांचा मी एकदा कागदावर हिशेब मांडला. १६,००० यार्ड म्हणजे साडेचौदा किलोमीटरच्या थोडं वर. आमच्या तालुक्यातला माणूस बाजाराला जाताना एवढं अंतर तीन तासांत चालून जाईल. फ्रँक गोरला त्यासाठी सोळा वर्षं लागली, कारण त्यातला हात-हात त्याला माणसांच्या अंगावरून काढावा लागला. आणि एका वेळी किती? भागाकार केला तर साडेतीन-चार मीटर. नेमकं सांगायचं तर ३.९ मीटर.

कबड्डीत मध्यरेषेपासून निदानरेषा, म्हणजे चढाईत निदान ओलांडायची रेषा, ३.७५ मीटरवर असते.

हा योगायोगच आहे. पण मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. भक्कम माणसांनी अडवलेल्या जागेत एकट्या माणसाला एका दमात जेवढं अंतर कापता येतं, ते दोन्ही खेळांत जवळजवळ सारखंच निघालं. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं १९२३ साली हुतुतूचे नियम बांधले, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तुकडीनं बर्लिनमध्ये हा खेळ दाखवला. तेव्हा तिकडच्या फुटबॉलशी कुणाचा संबंध आला असण्याचं कारण नाही.

फरक आहे तो परतीचा. रनिंग बॅकला पुढं जायचं असतं आणि पडलेल्या जागी त्याचं काम संपतं. चढाईपटूला जाऊन परत यायचं असतं. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, म्हणजे समोरचा अर्धा भाग साडेसहा मीटरचा. वेळ ३० सेकंद. हात लावल्याला किंमत येते ती परतल्यावर. त्यातही कबड्डीच्या नियमात एक गोष्ट अशी आहे की जी अमेरिकेतल्या खेळात नाही: झटापटीत जेवढ्यांनी अंगाला हात लावला तेवढे सगळे बाद होतात, चढाईपटू रेषेला टेकला तर. म्हणजे दोघांनी धरलं तर दोन, पाच जणांनी धरलं तर पाच. धरणाऱ्यांची संख्या वाढते तसं संकटही वाढतं आणि कमाईही वाढते. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना ८५ किलोंची वजनमर्यादा आहे. तिघांची साखळी अंगावर घेतली म्हणजे दोनशे किलोंच्या वर ओझं झालं, आणि ते ओझं उलट दिशेला ओढत असतं.

महाराष्ट्रात या धाटणीचा चढाईपटू म्हणून सिद्धार्थ देसाईचं नाव घ्यावं लागेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातलं हुंदळेवाडी हे त्याचं गाव. घर शेतकऱ्याचं, वडील कबड्डी खेळलेले, भाऊ सूरजही चढाईपटूच. प्रो कबड्डी सुरू झाली ती २०१४ साली, पण सिद्धार्थला तिथं पाऊल ठेवायला २०१८ उजाडलं, वयाची सव्वीस वर्षं उलटून गेल्यावर. सहाव्या हंगामात यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. त्यानं त्या हंगामात २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण आणले. सामन्याला दहाहून जास्त. लोकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हणायला सुरुवात केली ती याच हंगामात. हे नाव चपळाईमुळे पडलेलं नाही. कोपऱ्यानं चवडा धरलेला, मधला अंगावर आलेला, आणि हा उंच, रुंद खांद्यांचा गडी त्यांना घेऊन रेषेकडे निघालेला, हे दृश्य लोकांनी रोज रात्री टीव्हीवर पाहिलं. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. त्या हंगामात दोघे भाऊ एकाच संघात होते आणि सिद्धार्थच्या नावावर चढाईचे २१७ गुण लागले. एका गुणाचा फरक, दोन वर्षांत.

हे सातत्य मला त्या ‘बाहुबली’पेक्षा मोठं वाटतं. पहिल्या वर्षी प्रतिस्पर्धी तुम्हाला ओळखत नसतात. दुसऱ्या वर्षी प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाकडे तुमच्या चढायांच्या चित्रफिती असतात. कुठल्या पायावर वळतो, दमला की कुठल्या बाजूला जातो, हे सगळं फळ्यावर काढून शिकवलेलं असतं. तरीही गुण तेवढेच आले, याचा अर्थ ते चकव्यानं मिळवलेले नव्हते. समोरच्याला तुम्ही काय करणार हे ठाऊक आहे, आणि तरीही तो तुम्हाला थांबवू शकत नाही.

मग खांदा गेला. करोनामुळे लांबलेला आठवा हंगाम डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरुत सुरू झाला आणि तिसऱ्याच सामन्यानंतर सिद्धार्थ दुखापतीनं बाहेर बसला. पुढच्या लिलावात त्याची बोली कोटीवरून थेट लाखांत आली. माणूस तोच, ताकद तीच, फक्त एका सांध्याची शाश्वती राहिली नव्हती. नवव्या हंगामात तो खेळत राहिला, आणि दहाव्या हंगामासाठी हरियाणा स्टीलर्सनं त्याला पुन्हा एक कोटीला घेतलं. तो संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झालेला तो सामना पुणेरी पलटणनं २८-२५ असा जिंकला. पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. तोही चढाईपटू, आणि आदल्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इराणला हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, नाशिकच्या आकाश शिंदेबरोबर. पुढच्या हंगामात अस्लमच्या गुडघ्यानं दगा दिला आणि त्याला अर्ध्यावर बाहेर पडावं लागलं. त्यानंतरच्या हंगामात तो कर्णधार म्हणून परत उतरला.

खांदा आणि गुडघा. चढाईपटूच्या कारकिर्दीची लांबी हे दोन सांधे ठरवतात, म्हणून त्यांच्यात काय होतं हे नीट समजून घ्यायला हवं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात लिंबू-चमच्याची शर्यत असते. खांद्याचा सांधा तसाच आहे. दंडाच्या हाडाचं गोल टोक हे लिंबू आणि पाठीच्या फऱ्याची उथळ खोबण हा चमचा. चमचा उथळ आहे म्हणूनच हात सगळीकडे फिरतो, डोक्यावरून जातो, पाठीमागं जातो. पण उथळ आहे म्हणूनच लिंबू पडतंही. त्याला जागेवर ठेवायला चमच्याच्या कडेला कूर्चेची एक गोल किनार असते आणि भोवती स्नायूंचं वेष्टन. आता त्या माळावरच्या पोराची शेवटची उडी आठवा. शरीर तिघांनी मागं धरलेलं, आणि हात डोक्याच्या पुढं पूर्ण ताणून जमिनीवर आपटलेला. हात वर आणि बाहेर असताना मागून झटका बसला की लिंबू चमच्याच्या पुढच्या कडेवरून घसरतं आणि जाताना ती किनार फाडून जातं. तरुण वयात खांदा एकदा निखळला की तो पुन्हा पुन्हा निखळण्याचा धोका राहतो, कारण किनार आपोआप पहिल्यासारखी बसत नाही. म्हणजे चढाईपटूला सर्वांत जास्त गुण देणारी जी क्रिया, तीच त्याचा खांदा सर्वांत जास्त उघडा पाडते.

गुडघ्याचं वेगळं. गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यातला पुढचा, ज्याला खेळाडू नुसतं ‘एसीएल’ म्हणतात, तो नडगीचं हाड पुढं सटकू देत नाही आणि गुडघ्याला पीळ पडू देत नाही. चढाईपटूचा चवडा धरला जातो तेव्हा पाऊल जागेवर खिळतं. त्याच क्षणी वरचं अंग मध्यरेषेकडे वळत असतं. पीळ कुठंतरी जायला हवा, तो गुडघ्यात जातो. मातीवर पाऊल थोडं घसरतं, त्यामुळे काही वेळा गडी वाचतो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट घट्ट बसतो. आमची पोरं आयुष्यभर मातीवर अनवाणी खेळतात आणि निवड चाचणीला एकदम मॅटवर उतरतात, बूटही अनेकदा उसने घेतलेले. त्या दिवशी गुडघे जातात. हा अस्थिबंध पूर्ण तुटला की सहसा आपोआप नीट जुळत नाही. मांडीच्या मागच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा तुकडा घेऊन तो नव्यानं घालावा लागतो, आणि त्यानंतर मैदानात यायला नऊ महिने तरी जावे लागतात. फ्रँक गोर हे दोनदा करून आला होता, वयाच्या एकविशीच्या आत. त्याच्या मागं विद्यापीठाचा दवाखाना होता, व्यायाम करून घेणारी माणसं होती.

माझ्या तरुणपणी आमच्या संघातल्या एका जोडीदाराचा गुडघा असाच चढाईत वळला. कडकन आवाज आला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. मैदानावर बर्फ नव्हता, गाडी नव्हती. कुणीतरी अधिकारवाणीनं सांगितलं की शीर चढलीय, मालिश कर, आठ दिवसांत पळशील. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं, मीही मानलं. आठ दिवसांनी त्याची सूज उतरली आणि तो खेळला. दुसऱ्याच चढाईत कुणी हातही लावला नव्हता तरी गुडघा आतून सरकला. त्यानंतर तो कधी खेळला नाही. आजही तो पायऱ्या आडव्या अंगानं उतरतो. तो आमच्यात सर्वांत चांगला होता हे मी लेख रंगवायला लिहीत नाही, त्या काळात खेळलेला कुणीही हेच सांगेल.

अशा अंगमेहनतीच्या खेळाला पूर्वी मोल मिळायचं ते नोकरीच्या रूपानं. गिरणगावातल्या मंडळांतून, रायगड-रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांतून, सांगली-कोल्हापूरकडून खेळाडू मुंबईला यायचे आणि गिरण्या, बँका, रेल्वे, पोलीस, सार्वजनिक कंपन्या त्यांना नोकरी देऊन संघात घ्यायच्या. खेळ संपला तरी पगार चालू राहायचा. गुडघा गेला तरी टेबल असायचं. गिरण्या गेल्या. एअर इंडियासारख्या कंपनीचा संघ मुंबईच्या स्पर्धांत दबदबा राखून होता, ती कंपनी जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. लिलावानं कबड्डीला कोटींची भाषा दिली हे खरं आणि ते चांगलंच झालं. रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं अकरा वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा राज्यभर जो उत्साह होता त्याच्या मागं टीव्हीवरची कबड्डीही होती. पण लिलावाचं टेबल बारा संघांचं आहे, आणि बोली हंगामाची असते. अमेरिकेतल्या रनिंग बॅकची तक्रारही हीच आहे. उमेदीची वर्षं पहिल्या, स्वस्त करारात निघून जातात आणि मोठा करार करायची वेळ येते तेव्हा संघ म्हणतो, याचे गुडघे आता झिजले.

आता जळकोट. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला हा तालुका, जमीन बहुतेक बरड, मुरमाड, आणि डोंगराच्या कुशीत तांडे. लातूर जिल्ह्याचं नाव अंगमेहनतीच्या खेळात झालं ते कुस्तीनं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून सुवर्ण घेऊन आले. शेजारच्या धाराशिवनं खो-खोत देशाला खेळाडू दिले, सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. कबड्डी मात्र आमच्याकडे गावोगाव असूनही वर गेली नाही. याची कारणं देताना लोक मॅट नाही, प्रशिक्षक नाही असं सांगतात. ते खरं आहे. पण मला वर्षानुवर्षं शाळेच्या हजेरीपटावर दिसणारं एक कारण वेगळं आहे.

कबड्डीचा हंगाम म्हणजे हिवाळा. पावसाळ्यात मातीचं मैदान चिखल होतं आणि उन्हाळ्यात माळ तापतो. जिल्ह्याच्या, विभागाच्या स्पर्धा, गावोगावचे सामने बहुतेक दिवाळीच्या आगेमागे आणि पुढं थंडीत होतात. आणि दिवाळी झाली की तांडे रिकामे होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळ्या ट्रकात बसतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यांवर ऊस तोडायला निघून जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. तालुक्यातली सर्वांत बळकट पोरं कबड्डीच्या बरोबर हंगामात कोयत्यावर असतात. निवड चाचणीच्या दिवशी ती शेकडो किलोमीटरवर उसाच्या फडात असतात. निवड समितीच्या कागदावर त्यांची नावं येणार कुठून?

पोरगा धरल्यावर आधी खाली जातो हे पाहिल्यावर मी त्याला विचारलं होतं, हे तुला कुणी शिकवलं? मला वाटलं मोबाईलवर सामने बघून शिकला असेल. तो म्हणाला, “सर, मोळी तशीच उचलावी लागते.” उसाची मोळी चाळीस किलोंच्या घरात जाते. ती डोक्यावर घेऊन ट्रकाला लावलेल्या फळीवरून चढायचं असतं, पहाटेच्या दवात फळी निसरडी झालेली असताना. ताठ उभा राहून उचलली की पाठ जाते आणि फळीवर तोल जातो. कंबर खाली घ्यायची, टाच रोवायची, आखूड पावलं टाकायची. वयाच्या चौदाव्या वर्षापासून तो हे करत होता.

रनिंग बॅकला पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात. ज्याची कंबर खाली तो जिंकतो, कारण वजनाचा तोल जेवढा जमिनीजवळ तेवढं पाडणं अवघड. पावलं आखूड, कारण लांब पावलात एक पाय जास्त वेळ हवेत राहतो आणि हवेतल्या पायावर कुणाचंच बळ चालत नाही. वॉल्टर पेटन यासाठी टेकडीवर जायचा. शिकागो बेअर्सचा हा ३४ नंबरचा गडी तेरा हंगाम खेळला आणि त्यात फक्त एक सामना बाहेर बसला, तोही पहिल्या वर्षी. त्याच्या घराजवळ आर्लिंग्टन हाइट्समध्ये एक उभी टेकडी होती, ती तो पुन्हा पुन्हा पळत चढायचा. बरोबर आलेले सहकारी ओकारी येईपर्यंत थकायचे. त्याआधी मिसिसिपीत, आपल्या गावी तो नदीकाठच्या वाळूत पळायचा. चढण आणि वाळू दोन्हीकडे पाय लांब टाकताच येत नाही. कंबर आपोआप खाली येते, टाच आपोआप रोवली जाते. टेकड्या आमच्याकडे घराच्या मागंच आहेत. त्यांच्यावरून पळणारी पोरं मी या वर्षी पहाटे साडेपाचला पाहतो आहे, सात-आठ जण आहेत. त्यांना खांद्याचे व्यायाम शिकवायला उदगीरहून एकजण महिन्यातून दोनदा येतो, आणि मैदानावर आता बर्फाचा डबा असतो. तो डबा मी स्वतः नेतो.

चार गुण आणणारा पोरगा मात्र त्यांच्यात नाही. सामने संपले आणि आठ दिवसांत त्याची टोळी निघाली, कोल्हापूरकडे. जाताना मी त्याला एवढंच सांगितलं होतं की तिकडं गावोगाव कबड्डी आहे, संध्याकाळी वेळ मिळाला तर मैदान शोध. जानेवारीत एका रात्री त्याचा फोन आला. मागं ट्रकाचा आवाज येत होता. फडाच्या जवळच्या गावात सामने होते आणि तिथल्या मंडळाला एक गडी कमी पडत होता.

“किती आणले?” मी विचारलं.

“बारा, सर. मॅट होता.”

“धरलं किती वेळा?”

तो जरा थांबला. “पाचदा. दोनदा पडलो तिथंच.”

मी खांद्याचं विचारलं. चांगला आहे म्हणाला. गुडघ्याचं विचारलं. तोही चांगला होता. बूट कुणाचे घातले होते, ते विचारायच्या आत त्यानंच सांगितलं की अनवाणी खेळलो, मॅटवर पाय जरा घसरला तर बरं असं तुम्हीच म्हणाला होता. मग कुणीतरी त्याला हाक मारली, गाडी भरायची होती, आणि फोन बंद झाला.